बायकांची छोटी फिल्म कंपनी कशी उभी करायची?



मागे एका भागात आपण मोबाईलवर फिल्म कशी काढायची ते बोललो होतो. त्यानंतर देगलूर, लोहा, औसा, निलंगा इकडच्या गटांतून बरेच फोन आले. बहुतेकींचं म्हणणं सारखंच होतं. शूटिंग आमच्या पोरींना येतंय, लग्नाचं, बारशाचं काम मिळतंय, पण पैसा हातात टिकत नाही. कुणी बुडवला तर कुठं जावं ते कळत नाही. मग कंपनी काढावी का? एकीने तर विचारलं, "ताई, फिल्म कंपनी काढायला मुंबईलाच जावं लागतं का?"

नाही. लातुरात निघते, नांदेडात निघते, मुखेडातही निघते. आम्ही पाच जणींनी काढली. तिघी लातूरकडच्या, दोघी नांदेडकडच्या. काढताना चुका केल्या, त्यातली एक फार महागात पडली. ती आज सांगणारच आहोत. पण आधी कंपनी म्हणजे काय ते बघू, कारण आम्हालाही आधी वाटायचं की कॅमेरा घेतला म्हणजे कंपनी झाली.

फिल्म काढणारी वेगळी आणि फिल्मची निर्माती वेगळी. काढणारी कॅमेरा धरते. निर्माती पैसा जमवते, माणसं जमवते, परवानगी काढते, जेवणाची सोय बघते, हिशोब ठेवते आणि फिल्म झाल्यावर तिचं काय करायचं ते ठरवते. आता सांगा, यातलं कोणतं काम बचत गटातल्या बाईने केलेलं नाही? एकट्या सप्ताहाच्या पंगतीत यातली निम्मी कामं येतात.

भारतातला पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट, दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र', 3 मे 1913 ला मुंबईच्या गिरगावात कोरोनेशन थिएटरात लागला. दादासाहेबांचं नाव सगळ्यांना माहीत आहे. सरस्वतीबाईंचं कितीजणींना माहीत आहे? ही त्यांची बायको. दादासाहेब लंडनहून कॅमेरा आणि यंत्रं घेऊन आले, तेव्हा विकत आणलेल्या फिल्मच्या पट्टीला कडेची भोकंसुद्धा घरीच पाडावी लागायची. ते काम सरस्वतीबाई शिकल्या. फिल्म धुवायची रसायनं कालवायला शिकल्या. उन्हात पांढरी चादर धरून उभ्या राहिल्या, कारण त्या चादरीने नटांच्या तोंडावर उजेड पडायचा. त्यांचे दागिनेही या धंद्यात गेले. आणि हे सगळं करून घरात राहिलेल्या सगळ्या माणसांचा स्वयंपाक! आजच्या भाषेत त्या कंपनीच्या भागीदार होत्या, लॅब होत्या, प्रॉडक्शन मॅनेजर होत्या. पाटीवर नाव मात्र एकट्या फाळक्यांचं. परेश मोकाशींनी यावरच 2009 मध्ये 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' हा चित्रपट काढला. सापडला तर गटात बसून बघा, हसून पोट दुखेल.

पाटीवर कुणाचं नाव ही साधी गोष्ट नव्हे. त्याच्याकडे परत येऊच.

आता दुसरं उदाहरण, आपल्याला जवळचं. उदगीर-बिदरच्या पलीकडे तेलंगणात झहीराबादजवळ पस्तापूर गाव आहे. तिथं डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटी नावाची संस्था आहे. तिच्या संघमातल्या बाया, बहुतेक दलित, कोरडवाहू शेती करणाऱ्या, पुष्कळशा लिहिता-वाचता न येणाऱ्या. त्या व्हिडिओ कॅमेरा शिकल्या, आणि 2001 पासून त्यांचा स्वतःचा कम्युनिटी मीडिया ट्रस्ट आहे. 2008 मध्ये त्याच बायांचं संघम रेडिओ सुरू झालं, म्हणजे रेडिओच्या नात्याने त्या आपल्या थोरल्या बहिणीच. त्यांनी कॅमेऱ्याच्या कोनांना स्वतःची नावं दिली. कॅमेरा वरून खाली बघतो तो 'पटेल शॉट', कारण पटेल गड्याकडे तसा बघतो. खालून वर बघतो तो 'गुलाम शॉट'. आणि डोळ्याला डोळा भिडवून बघतो तो 'संघम शॉट', कारण संघमात सगळ्या सारख्या उंचीवर बसतात. आम्ही हे ऐकलं त्या दिवशी आमची तिपाई चार बोटं खाली घेतली. इतके दिवस आम्ही चुलीपुढं बसलेल्या बाईचं शूटिंग उभं राहून करत होतो.

याच बायांनी वारंगळच्या बीटी कापसाच्या शेतकऱ्यांवर फिल्म केली. एका दिवसात जाऊन बोलून आल्या नाहीत. पेरणीपासून वेचणीपर्यंत पुन्हा पुन्हा त्याच शेतांत गेल्या. मोठी कंपनी मुंबईहून येऊन असं करू शकत नाही, तिला हॉटेलचं भाडं परवडत नाही. गावात राहणारीला परवडतं. आपला फायदा कुठं आहे तर तो इथं आहे.

आणि पुण्याच्या सुमित्रा भावे. त्या समाजकार्याच्या अभ्यासक होत्या, वस्तीतल्या बायकांच्या जगण्याचा अभ्यास करत होत्या. त्यांना वाटलं, आपण लिहितो ते ज्या बायांबद्दल लिहितो त्याच वाचू शकत नाहीत, मग उपयोग काय? म्हणून त्यांनी 'बाई' नावाची छोटी फिल्म काढली. साल 1985. वय चाळिशीच्या पुढं, फिल्मचं कुठलंही शिक्षण नाही. त्या फिल्मला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पुढं सुनील सुकथनकरांना घेऊन 'विचित्र निर्मिती' या नावाने त्या काम करत राहिल्या. 'दोघी', 'वास्तुपुरुष', 'देवराई', 'अस्तु' असे कितीतरी चित्रपट आले, आणि 'कासव'ला तर 2017 मध्ये देशातल्या सर्वोत्तम चित्रपटाचं सुवर्णकमळ मिळालं. 2021 मध्ये त्या गेल्या. छोट्या फिल्मपासून सुरुवात केली, घाई केली नाही, हे आम्हाला त्यांच्याकडून घ्यावंसं वाटतं.

आता पैशाचं बोलू. पहिली गोष्ट कानात ठेवा: मोठा सिनेमा काढायला कंपनी काढू नका. निदान पहिली पाच वर्षं नको. 'ख्वाडा' सिनेमा तुम्ही पाहिला असेल. नगर जिल्ह्यातल्या भाऊराव कऱ्हाडेंनी शेती विकून तो केला. राष्ट्रीय पुरस्कार मिळाले, नाव झालं, आम्हाला अभिमान आहे. पण शेती विकून काढलेले आणि डब्यातच राहिलेले सिनेमे किती असतील? त्यांची नावं कुणी छापत नाही. सातबाऱ्यावर आधीच सोसायटीचा बोजा असलेल्या घरात हा जुगार खेळायला आम्ही सांगणार नाही.

छोट्या कंपनीचं पोट भरतं ते लग्न, साखरपुडा, डोहाळजेवण, शाळेचं स्नेहसंमेलन, दुकानाची जाहिरात यांवर. लातुरात क्लासेसवाले आहेत, दाळ मिलवाले आहेत. अर्धापूरकडं केळीवाले आहेत. सगळ्यांना आता मोबाईलवर टाकायला दोन मिनिटांचा व्हिडिओ लागतो. संस्थांना आणि सरकारी खात्यांना योजनेच्या फिल्म लागतात. आणि बायांच्या कंपनीला एक काम असं मिळतं जे गड्यांना मिळत नाही: हळदीच्या, मेंदीच्या, न्हाण्याच्या खोलीत जाऊन शूटिंग करणं. आमच्या पहिल्या वर्षातली निम्मी कामं त्याच कारणाने आली.

कामाचा पैसा कसा वाटायचा ते आकड्यात सांगतो. समजा 30,000 रुपयांचं काम आहे. कॅमेऱ्याचं भाडं 4,000, गाडी 3,000, चहापाणी-जेवण 1,500, एडिटिंग करणारीची मजुरी 6,000, शूटिंग करणाऱ्या तिघींना प्रत्येकी 2,500 म्हणजे 7,500. झाले 22,000. उरले 8,000. यातले 3,000 यंत्रासाठी बाजूला ठेवा, कारण बॅटरी मरते, हार्ड डिस्क मरते, माईकची वायर तर उंदीर खातो. राहिलेले 5,000 नफा, पाच भागीदारांत हजार-हजार. इथं बघा, मजुरी आणि नफा वेगळा ठेवला. जिने काम केलं तिला मजुरी मिळाली, आणि जी त्या दिवशी लेकरू आजारी म्हणून आली नाही तिलाही नफ्याचा वाटा मिळाला, कारण तिचं भांडवल आहे. आम्ही आधी हे एकत्र करत होतो आणि दर कामानंतर दोघी-तिघी रुसून बसत होत्या. भांडण माणसांचं नव्हतं, हिशोबाचं होतं.

बचत गटाचा पैसा आणि कंपनीचा पैसा एकत्र करू नका, ही आमची हात जोडून विनंती. गटातून कर्ज घ्या, रीतसर घ्या, ठरावात लिहा, हप्ता भरा. पण गटाच्या खात्यावर लग्नाचं बिल जमा करायचं नाही. गटात दहा जणी, कंपनीत पाच. उरलेल्या पाचजणींना त्या व्यवहाराची जोखीम का?

आता नोंदणी. सोप्यापासून सुरू करू. एकटीने काम करायचं असेल तर स्वतःच्या पॅनवर धंदा करता येतो. उद्यम नोंदणी ऑनलाइन होते, आधार आणि पॅन लागतं आणि फी शून्य. कुणी सेंटरवर हजार-दोन हजार सरकारी फी म्हणून मागितली तर उठून या. दुकान-आस्थापना कायद्याची नोंद, ज्याला आपल्याकडे अजून गुमास्ता म्हणतात, ती थोडेच कामगार असतील तर नुसती कळवायची असते. मग बँकेत धंद्याच्या नावाने चालू खातं. सेवेच्या धंद्याची वर्षाची उलाढाल 20 लाखांच्या आत असेल तर साधारणपणे जीएसटी नोंदणी लागत नाही.

दोघी-चौघी मिळून करायचं तर भागीदारी. 1932 च्या कायद्याप्रमाणे भागीदारीचा करारनामा मुद्रांकावर करतात. या कायद्यात दोन गोष्टी दडलेल्या आहेत, त्या वकील घाईत सांगत नाहीत. एक, भागीदारी संस्थेची नोंदणी सक्तीची नाही, पण नोंदणी नसेल तर पैसे बुडवणाऱ्यावर संस्थेला कराराच्या जोरावर दावा लावता येत नाही. म्हणजे पैसे वाचवायला नोंदणी टाळायची आणि पैसे बुडाले की गप्प बसायचं. दुसरी गोष्ट जास्त गंभीर. भागीदारीत एकीने धंद्यासाठी केलेली उधारी सगळ्यांची असते, आणि ती फक्त धंद्याच्या पैशातून नव्हे, घरच्या मालमत्तेतूनही वसूल होऊ शकते. एकीने धंद्यासाठी कॅमेरा उधारीवर उचलला आणि हप्ते थकले, तर सावकार पाचही घरांपुढं उभा राहू शकतो.

याला उपाय म्हणजे एलएलपी, मर्यादित जबाबदारीची भागीदारी. तिच्यात साधारणपणे आपण घातलेल्या भांडवलापुरतीच आपली जबाबदारी राहते. दर वर्षी सरकारला हिशोब कळवावा लागतो, आणि उशीर झाला की दंड चढतो. पण उलाढाल 40 लाखांच्या आत आणि भांडवल 25 लाखांच्या आत असेल तर ऑडिट सक्तीचं नाही. प्रायव्हेट लिमिटेड कंपनीला मात्र एक रुपयाचं काम झालं नाही तरी दर वर्षी सीएकडून ऑडिट करावंच लागतं. नाव भारी वाटतं म्हणून ती काढणाऱ्या आणि दोन वर्षांनी दंड भरत बसणाऱ्या आम्ही पाहिल्या आहेत. आम्ही आधी नोंदणी केलेली भागीदारी केली, काम वाढल्यावर एलएलपी केली. तुम्ही थेट एलएलपी केली तरी चालेल, पण वर्षाला सीएची फी भरायची ताकद आहे का ते आधी बघा.

कोणतंही रूप घ्या, करारनाम्यात आपसातल्या गोष्टी लिहा. भांडवल कुणी किती घातलं. कॅमेरा एकीच्या नवऱ्याने आणून दिला असेल तर तो कंपनीचा की त्याचा. बँकेत सही कोण करणार; आमच्याकडे दोघींची लागते. लग्न होऊन एखादी पुण्याला गेली तर तिचा हिस्सा कसा मोजायचा. आणि फिल्मवर नाव कुणाकुणाचं येणार. सरस्वतीबाईंची आठवण ठेवून आम्ही ठरवलं, की चहा करणारीचंसुद्धा नाव येणार.

आता ती महागात पडलेली चूक.

एका संस्थेने आम्हाला शेतकरी विधवांवर फिल्म करायला सांगितलं. संस्थेचं नाव घेत नाही, गावाचंही नाही. ॲडव्हान्स मिळाला, उरलेले पैसे फिल्म दिल्यावर. तोंडी ठरलं, आम्हाला वाटलं संस्था आहे, कशाला कागद? एका ताईच्या घरी गेलो. तिच्या मालकाने आत्महत्या केलेली. ती आधी बोलत नव्हती. आमच्यातली एक तिच्याबरोबर शेंगा फोडत बसली, कॅमेरा बंद ठेवून. दुसऱ्या दिवशी ती बोलली. कर्जाबद्दल बोलली आणि मग जमिनीबद्दलही बोलली. मालकाच्या मागे सासरच्यांनी तिचं नाव सातबाऱ्यावर लागू दिलं नाही, कोण काय म्हणालं, सगळं बोलली. आम्ही अंगठा घेतला, "फिल्ममध्ये दाखवायला हरकत नाही" असा कागद केला आणि मनात म्हटलं, फिल्म झाली.

फिल्म संस्थेला दिली. महिन्याभराने त्या ताईचा फोन. फिल्म मोबाईलवर फिरत फिरत तिच्या गावात गेली होती. दीर दारात येऊन बोलून गेला होता. ती रडली नाही, ओरडली नाही. एवढंच म्हणाली, "माझं तेवढं काढून टाका. मला इथंच ऱ्हायचंय."

आम्ही म्हणालो, काढतो. आणि मग कळलं की काढण्याचा अधिकार आमचा नव्हताच. कॉपीराइटच्या कायद्यात आहे, की कुणी मोबदला देऊन फिल्म करून घेतली आणि वेगळा करार नसेल, तर फिल्मचा पहिला मालक मोबदला देणारा. शूटिंग आमचं, रात्र रात्र एडिटिंग आमचं, त्या ताईचा विश्वास आमच्यावर, पण फिल्म संस्थेची. त्यांनी सांगितलं, तोच भाग तर सगळ्यात चांगला आहे. सात महिने हेलपाटे घातले. शेवटी तो भाग काढलेली फिल्म आम्ही स्वतःच्या खर्चाने पुन्हा केली आणि उरलेल्या पैशावर पाणी सोडलं, तेव्हा कुठं त्यांनी जुनी फिल्म मागे घेतली. पण जे मोबाईलवर फिरलं ते फिरलंच. त्या ताईचं पुढं काय झालं ते सांगायचा हक्क आम्हाला नाही, म्हणून सांगत नाही.

तेव्हापासून काम घेताना एक कागद होतो. तो दोन पानांचाच आहे. काय करून द्यायचं, किती मिनिटांचं, किती वेळा दुरुस्ती करून देणार. पैसे तीन टप्प्यांत: काम ठरताना, शूटिंग झाल्यावर, आणि फिल्म हातात देताना, आधी पैसे मग फिल्म. फिल्मची मालकी कुणाची. आणि एक कलम आम्ही कुणाच्याही सांगण्यावरून सोडत नाही: ज्या बाईची मुलाखत आहे तिने अमुक दिवसांत नको म्हटलं तर तो भाग काढला जाईल. हे कलम ऐकून दोन कामं हातची गेली. गेली तर गेली.

बायांकडून संमती घ्यायची पद्धतही बदलली. आधी अंगठा, मग शूटिंग, असं आता करत नाही. आधी शूटिंग, मग एडिट केलेला तिचा भाग तिला एकटीला दाखवायचा, घरात दुसरं कुणी नसताना, आणि मग विचारायचं. तिला स्वतःचा आवाज स्क्रीनवर ऐकू आला की कळतं आपण काय बोललो. चार गावं दोनदा हिंडायला लागतात, पेट्रोल लागतं. ते पेट्रोल बिलात धरा.

पैसे थकवणाऱ्यांसाठी एक गोष्ट कामाची आहे. उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म आणि छोट्या धंद्याला गिऱ्हाइकाने लेखी ठरलेल्या मुदतीत, आणि ती मुदत जास्तीत जास्त 45 दिवस, पैसे द्यायचे असतात. 2006 चा कायदा आहे. नाही दिले तर व्याजासकट मागता येतात आणि ऑनलाइन तक्रारही करता येते. आम्ही अजून तक्रार केलेली नाही, पण बिलाच्या खाली उद्यम क्रमांक छापायला लागल्यापासून फोन जरा लवकर उचलले जातात.

गाण्यांचं सांगायचं राहिलं. लग्नाच्या वरातीत सिनेमातलं गाणं वाजवायला कायदा मोकळीक देतो. पण तेच गाणं उचलून आपल्या फिल्मला लावलं आणि यूट्यूबवर टाकलं की ते दुसऱ्याचं शेत नांगरल्यासारखं झालं. आमच्या दोन फिल्मचा आवाज असाच बंद झाला. मग आम्ही गावातल्या म्हाताऱ्यांकडून ओव्या गाऊन घ्यायला लागलो. जात्यावरची पारंपरिक ओवी सगळ्यांची असते. मात्र जिने आपल्यासाठी गायली तिला मानधन द्या आणि नाव द्या. कुणीतरी आधी ध्वनिमुद्रित केलेली ओवी घेतली तर मात्र त्याची परवानगी लागते.

गोष्टीची फिल्म करणार असाल तर आणखी दोन परवानग्या लक्षात ठेवा. लहान लेकरू कामाला घेतलं तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम नको, सलग तीन तासांपेक्षा जास्त नको, आणि त्याच्या कमाईतला किमान 20 टक्के पैसा त्याच्या नावाने बँकेत ठेवावा लागतो. आणि सिनेमात बैल, म्हैस, कुत्रा कामाला घेतला तर भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाची आधी परवानगी. तुम्ही म्हणाल, आमचाच बैल, आमचंच शेत. तरी लागते. थिएटरात लावायची फिल्म असेल तर सेन्सॉरचं प्रमाणपत्र लागतं, ते 1952 च्या कायद्याने. मराठी चित्रपटाचं नाव कोल्हापूरच्या अखिल भारतीय मराठी चित्रपट महामंडळाकडे नोंदवतात. पण सेन्सॉर आणि नावाची नोंदणी हे पुढचं. यूट्यूबवर टाकायच्या छोट्या फिल्मसाठी त्यात अडकू नका.

यंत्रं किती घ्यायची? कमी. नाशिककडचं मालेगाव, आपलं खंडोबाच्या जत्रेचं माळेगाव नव्हे, तिथं नासिर शेख नावाच्या माणसाने यंत्रमाग कामगारांना घेऊन 2000 साली 'मालेगाव के शोले' काढला. कॅमेरा पुढं सरकवायला सायकल आणि वर न्यायला बैलगाडी. तेव्हा क्रेन नाही म्हणून रडायचं कारण नाही. पहिल्या पैशातून माईक घ्या. चित्र थोडं अंधुक असलं तर लोक बघतात, आवाज ऐकू आला नाही तर उठून जातात. आणि शूटिंगच्या आधी गिरणीवाल्याला विचारा गिरणी कधी चालू असते. आमची एक सबंध मुलाखत कांडपाच्या आवाजात गेली. दुसरं, शूटिंग झालं की त्याच रात्री दोन वेगवेगळ्या डिस्कवर उतरवा आणि दोन वेगवेगळ्या घरात ठेवा. लग्न काही पुन्हा लागत नाही.

भांडवलासाठी बँकेचं मुद्रा कर्ज आहे. शिशु गटात 50,000 रुपयांपर्यंत मिळतं, तेवढ्यात मोबाईल, तिपाई, माईक, डिस्क बसतं. कॅमेरा भाड्याने आणा. महिन्यात आठ-दहा दिवस काम लागायला लागलं की मग विकत घ्यायचा विचार करा.

आणि पैसा जमवायची एक मोठी गोष्ट. 1976 साली श्याम बेनेगलांनी 'मंथन' सिनेमा केला, स्मिता पाटील होती त्यात. गुजरातच्या दूध संघांच्या पाच लाख सभासद शेतकऱ्यांनी प्रत्येकी दोन रुपये दिले, दुधाच्या पैशातून, आणि दहा लाखांत सिनेमा झाला. सिनेमा लागला तेव्हा तेच शेतकरी ट्रक भरभरून आपला सिनेमा बघायला आले. 2024 मध्ये तो सिनेमा दुरुस्त करून फ्रान्समध्ये कान महोत्सवात दाखवला. आपल्याकडे प्रभाग संघ आहेत, गावोगाव गट आहेत. मोठी फिल्म करायचीच झाली, तर एकीची जमीन विकण्यापेक्षा हजार जणींचे पन्नास-पन्नास रुपये बरे. पण तेव्हा ते पैसे देणगी आहेत, भाग आहेत की कर्ज, हे पावतीवर लिहायला विसरू नका. लोकांकडून भाग म्हणून पैसे घ्यायला वेगळे कायदे आहेत, तिथं सीएला विचारल्याशिवाय एक रुपया घ्यायचा नाही.

शेवटी एक सावधगिरी. "तुमच्या पोरीला हिरोईन करतो, ऑडिशनची फी भरा" असं सांगणारे नांदेडात, लातुरात हॉटेलात खोली घेऊन बसतात. खरी कंपनी काम करणारीला पैसे देते, तिच्याकडून घेत नाही. तुमच्या कंपनीच्या नावानेही कुणी असं करू नये, म्हणून पावती पुस्तकावर कंपनीचं नाव आणि नोंदणी क्रमांक छापा आणि कोरी पावती कुणालाही देऊ नका.

पुढच्या वेळी आपण माईकवर आणि आवाजावर बोलू. तोवर ज्यांना भागीदारीचा कागद करायचा आहे त्यांनी आपसात बसून एवढं ठरवा: भांडवल कुणाचं किती, सह्या कुणाच्या, आणि एखादी बाहेर पडली तर तिला काय द्यायचं. हे तिन्ही ठरल्याशिवाय वकिलाकडे जाऊ नका, तो तासाचे पैसे घेतो.